पेट्रोल येऊन नाई राह्यलं

कामरगावच्या स्टँडवर कुणी मोटरसायकलला किक मारत असेल तर पहिल्या तीन किकांपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. तोवर तो त्याचा खाजगी मामला असतो. चौथ्या किकेला पानठेल्यावरचा चुना लावणारा हात थांबतो. सहाव्या-सातव्या किकेनंतर गाडी मालकाची राहत नाही, गावाची होते. कँटीनच्या बाकावरून कुणीतरी उठतो, अर्धा चहा हातात घेऊनच येतो आणि बंद गाडीच्या बाबतीत अख्ख्या वऱ्हाडात सर्वात आधी विचारला जाणारा प्रश्न विचारतो :

"पेट्रोल हाय का?"

प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. त्यात तुमची ऐपत, तुमची अक्कल आणि घरात तुम्हाला किती पैसे हाताळू देतात, या तिन्ही गोष्टी एकदम तपासल्या जातात. म्हणून कोणताही स्वाभिमानी माणूस याला 'नाही' असं उत्तर देत नाही. 'माहीत नाही' तर मुळीच देत नाही. ठरलेलं उत्तर असतं, "कालच टाकलं ना भाऊ!" किती टाकलं हे विचारायचं नसतं. पन्नासचं टाकलेलं असतं आणि पेट्रोलनं शंभरी ओलांडल्यापासून पन्नास रुपयांत अर्धा लिटरही येत नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्याच्याही गाडीत तेवढंच असतं.

कामरगाव तालुका कारंजा, जिल्हा वाशीम. १ जुलै १९९८ला वाशीम जिल्हा झाला, त्याआधी आम्ही अकोल्याचे होतो. एमएच-३० पाटीची गाडी दिसली की ती बहुधा अकोल्याच्या राज्यातली असते, एमएच-३७ म्हणजे वाशीमची. मधेच एखादी एमएच-२७ उभी असली तर समजायचं की कुणीतरी अमरावतीहून सेकंडहँड उचलली किंवा कुणाचा तरी जावई आला आहे. सरकारी काम वाशीमला, मोठा दवाखाना अमरावतीला, मोठी रेल्वे मूर्तिजापूरला आणि सोयाबीन विकायचं कारंज्याला. चारही दिशांना कामं आणि मधे एक मोटरसायकल, असा इथल्या माणसाचा संसार आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही आमच्याच तालुक्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. ती आहे तेच बरं. तिथं गाडी बंद पडली तर "पेट्रोल हाय का" म्हणून विचारायला कोण येणार?

तर, पेट्रोल आहे की नाही याची पहिली तपासणी कानानं होते. हँडल धरून गाडी डावीकडे-उजवीकडे हलवायची आणि टाकीला कान लावायचा. 'खळखळ' आली तर आहे. नुसतं 'खळ' आलं तर थोडं आहे. काहीच नाही आलं तर दुसरा माणूस कान लावतो, कारण पहिल्याला कमी ऐकू येतं असं तिथल्या तिथं ठरतं. मग झाकण उघडून मोबाइलच्या टॉर्चनं आत पाहतात. मोबाइल नव्हते तेव्हा लोक कशाच्या उजेडात पाहत असत, हे मी कुणाला विचारलेलं नाही. एका जुन्या जाणकाराच्या भुवया मी जवळून पाहिल्या आहेत, तेवढं पुरे.

पेट्रोल अगदीच तळाला गेलं असेल तर गाडी आडवी पाडतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, राग अनावर झाला. पण यामागे शास्त्र आहे. मोटरसायकलची टाकी मधल्या नळकांड्यावर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसलेली असते. पेट्रोलचा कॉक बहुधा डाव्या अंगाला असतो. पेट्रोल कमी झालं की उजव्या अंगाला साचलेलं मधला उंचवटा ओलांडून इकडे येऊच शकत नाही. गाडी डावीकडे निजवली की ते इकडे येतं आणि मग तीनचार किलोमीटरची सोय होते. हे शास्त्र कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात छापलेलं मी पाहिलं नाही, पण कामरगावातलं पाचवीतलं पोरगंसुद्धा गाडी कोणत्या अंगावर निजवायची ते सांगतं. एवढं करूनही भागलं नाही तर टाकीच्या तोंडाला तोंड लावून फुंक मारायची. फुंकेच्या दाबानं उरलंसुरलं थेंबथेंब खाली उतरतं. फुंकणारा माणूस नंतर अर्धा तास बिडी पेटवत नाही, एवढंच पथ्य.

या सगळ्याच्या आधी खरं म्हणजे कॉक पाहायला हवा. त्याला तीन जागा असतात : चालू, बंद आणि रिझर्व. रिझर्वची वेगळी टाकी असते असा अनेक सुशिक्षितांचा समज आहे. तसं काही नसतं. टाकीच्या आत कॉकच्या दोन नळ्या उभ्या असतात, एक उंच आणि एक बुटकी. चालूवर असताना पेट्रोल उंच नळीतून येतं. पातळी तिच्या खाली गेली की गाडी आचके देते, मग चावी फिरवायची आणि बुटक्या नळीतून तळचं ओढायचं. म्हणजे रिझर्व ही सूचना असते की बाबा, आता पंप गाठ. आमच्याकडे मात्र रिझर्व हा कायमचा पत्ता झाला आहे. पन्नास-पन्नासचं टाकणाऱ्याची पातळी उंच नळीपर्यंत पोळ्याला आणि लग्नसराईलाच चढते. त्यामुळे कित्येक गाड्यांचे कॉक वर्षानुवर्षे रिझर्वच्या जागेवरच जाम होऊन बसलेले असतात, आणि ते फिरवून पाहणाऱ्या नवख्याच्या हातात मूठ तुटून येते.

पेट्रोल आहे आणि कॉकही चालू आहे, एवढं सिद्ध झालं की जमलेल्या मंडळीत सरळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, पेट्रोल येऊन नाही राह्यलं. दुसरा म्हणतो, करंट येऊन नाही राह्यला. माणूस कोणत्या पक्षात जाणार हे गाडीवर अवलंबून नसतं, त्याची स्वतःची गाडी मागच्या खेपेला कशानं बंद पडली होती यावर असतं. पेट्रोलवाले शांत असतात, नळ्या दाबून पाहतात. करंटवाले जरा अंगावर येतात. ते सीटखाली हात घालून वायरी ओढतात आणि ओढलेली वायर परत कुठं लावायची यावर पुन्हा वाद घालतात. गावातले एक निवृत्त मास्तर दोन्ही पक्षांत नाहीत. ते कडेला उभं राहून फक्त "एअर" एवढंच म्हणतात. कधीकधी तेही बरोबर निघतं, म्हणून त्यांना कुणी हाकलत नाही.

दोन पक्षांचा निवाडा प्लग करतो. प्लगपान्यानं तो काढतात. तो तापलेला असतो, म्हणून दुपट्ट्याच्या टोकात धरून सगळ्यांसमोर फिरवला जातो. प्लग कोरडा ठाण असेल तर पेट्रोल वर पोचतच नाही. ओला असेल, पेट्रोलचा वास मारत असेल, तर पोचतंय, नव्हे, नको तितकं पोचतंय. चोक ओढून मालकानं ज्या किका हाणल्या त्यांनी इंजिनात पेट्रोलचं डबकं झालं आहे. अशा वेळी चोक बंद करायचा, अॅक्सिलेटर पूर्ण पिळून धरायचा आणि हवा जाऊ द्यायची, किंवा पंधरा मिनिटं काहीच करायचं नाही. दुसरा उपाय जास्त गुणकारी आहे, पण इतक्या माणसांच्या देखत काहीच न करणं फार अवघड जातं. म्हणून त्या पंधरा मिनिटांत मालकाच्या नावावर चहा सांगितला जातो. गाडी चालू झाल्यावर श्रेय किक मारणाऱ्याला मिळतं. चहाला कुणी देत नाही.

आणि प्लग ना धड ओला ना धड कोरडा असा निघाला तर? तर मिस्तरी.

मिस्तरीचं दुकान चार टिनांचं, पुढे काळी पडलेली जमीन. ती जमीन इतकी ऑइल प्यायली आहे की पावसाळ्यात तिच्यावर चिखल होत नाही. मिस्तरी उलट्या क्रेटवर बसून काम करतो. गर्दी गाडी ढकलत आणते तेव्हा तो मान वर करत नाही. सगळ्यांचं बोलून झालं की तो फक्त मालकाला विचारतो,

"बंद पडली, का बंद होती?"

या एका प्रश्नात अर्धं निदान असतं. चालता चालता एकदम, बटन दाबल्यासारखी मेली असेल तर बहुतेक करंट. दम तोडत, आचके देत, अॅक्सिलेटर पिळला की अजूनच खोकत मेली असेल तर पेट्रोल. दोनचार महिने गोठ्यात उभी होती आणि आता उठत नाही, तर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात जुनं पेट्रोल वाळून चिकट बसलं आहे. मालकाला यातलं काहीच आठवत नाही. तो सांगतो, "काल रातच्याले चांगली चालली होती जी." हे वाक्य सगळ्या बंद गाड्यांचे मालक म्हणतात. डॉक्टरकडे पेशंटचे नातेवाईकही हेच म्हणतात, असं ऐकून आहे.

मग मिस्तरी अशी एक गोष्ट करतो की जी इतक्या माणसांतल्या एकालाही सुचलेली नसते. कार्बोरेटरला जोडलेली पेट्रोलची नळी उपसतो, तिच्याखाली पाण्याची बाटली धरतो आणि कॉक उघडतो. चांगली जाड धार लागली तर टाकी, झाकण, कॉक, जाळी, नळी असे सगळे आरोपी एका झटक्यात निर्दोष सुटतात आणि खटला फक्त कार्बोरेटरवर उरतो. धार बारीक असली किंवा सुरू होऊन मधेच तुटली, तर कार्बोरेटरला हातही लावायचा नाही, गुन्हेगार वरच आहे. रस्ता मधोमध तोडायचा आणि चोर कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहायचं. आमचे दोन्ही पक्ष तासभर भांडून जिथं पोचत नाहीत तिथं हा माणूस एक नळी उपसून पोचतो. म्हणूनच गर्दीचा त्याच्यावर जरा रागही असतो.

धार तुटली की तो टाकीचं झाकण उघडतो. 'फुस्स' असा आवाज येतो आणि खाली धार पुन्हा जाड होते. बघ्यांतल्या नवख्यांना हा चमत्कार वाटतो. झाकणाला हवेसाठी एक सूक्ष्म वाट ठेवलेली असते. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यावी, एवढ्यासाठी. ती बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. रसवंतीत ग्लासात नळी बुडवून तिचं वरचं तोंड बोटानं दाबलं की रस नळीतच लटकून राहतो, तसं. अशी गाडी गावातून निघते तेव्हा उत्तम चालते, दोन किलोमीटरवर बंद पडते, मालक उतरून झाकण उघडून पेट्रोल पाहतो, झाकण लावतो आणि गाडी चालू होते. पुन्हा दोन किलोमीटर. ज्या वळणावर ती दोनदा बंद पडते त्या वळणाबद्दल गावात लोक मग वेगळंच काही बोलू लागतात. तिथं लिंबू ठेवल्याचंही पाहिलं आहे. ही वाट बुजवतं कोण? धूळ, गंज आणि सोयाबीनचं कुटार. नळ्यांच्या उघड्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते. गोठ्यात उभ्या गाडीची पेट्रोलची नळी उंदीर कुरतडतात. त्यांना पेट्रोलची चव आवडते की रबराची, यावरही आमच्याकडे दोन पक्ष आहेत.

आता कार्बोरेटर. हंगेरीत डोनात बांकी आणि यानोश चोन्का या दोघांनी १८९३ साली कार्बोरेटरचं पेटंट मांडलं. जर्मनीत मायबाख याच सुमाराला त्याच उद्योगात होता. त्यांची आणि कामरगावची भेट व्हायला ऐंशी-नव्वद वर्षं लागली, पण झाली ती कायमची. कार्बोरेटरची करामत अशी की त्यात पंप नाही, मोटर नाही, वायर नाही. इंजिन हवा ओढतं, ती हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, वेग वाढला की दाब पडतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल आपोआप वर ओढलं जाऊन हवेत मिसळतं. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा ग्रॅम हवा लागते. ग्रॅम म्हटल्यावर ती थोडी वाटते, पण ती हवा भरते बारा लिटरच्या आसपास. म्हणजे मास्तर ते 'एअर' म्हणतात, त्यात तथ्य आहे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

मिस्तरी कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा स्क्रू सोडतो तेव्हा गर्दी अर्धं पाऊल पुढे सरकते. वाटी उघडते. आत पांढरा फ्लोट तरंगत असतो, पेट्रोल पुरेसं भरलं की वर उचलला जाऊन एका सुईनं दार बंद करणारा. सुई अडकली तर पेट्रोल येतच नाही, किंवा थांबतच नाही. नुसती अडकली असेल तर पेचकसाच्या मुठीनं वाटीला बाहेरून दोन टिचक्या मारल्या तरी सुटते. या टिचक्या गावात सर्वांना येतात, कुठं मारायच्या ते थोड्यांना. वाटीच्या तळाशी तांबूस गाळ आणि पाण्याचे दोनतीन गोल थेंब बसलेले दिसतात. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी नेहमी तळ धरतं, आणि इंजिनाकडे पहिलं तेच जातं. मग मिस्तरी पितळी जेट काढतो. स्लो जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. तो ते दोन बोटांत धरतो, एक डोळा मिटतो आणि सूर्याकडे धरून आरपार पाहतो. सगळे गप्प. पलीकडचा उजेड दिसला नाही की तो वायरीतली तांब्याची एक तार सोलून काढतो, छिद्रातून अलगद फिरवतो, तोंडानं फुंकतो, पुन्हा सूर्याकडे धरतो. तार घालू नये, छिद्र मोठं होतं, असं कंपनीचे लोक सांगतात. कंपनीचे लोक कारंज्याला असतात.

जेट मोकळं झालं की तो निकाल देतो. निकालाचे शब्द वर्षानुवर्षं तेच आहेत :

"कचरा आला होता."

एवढ्यानं मालकाचं समाधान होतं, ही मला सर्वात अचंब्याची बाब वाटते. तोच मालक दुकानदाराला पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याची तारीख विचारतो. पण कचरा आला म्हटल्यावर कुठून आला हे तो विचारत नाही. कचऱ्याला आमच्याकडे दैवी कारणांत जमा केलेलं आहे. खरं तर तो टाकीच्या आतल्या गंजातून येतो. अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंडावली की तिच्या भिंतींना दव धरतं, आणि पन्नासच्या हिशेबानं जगणाऱ्या टाक्या अर्ध्याच्या वर कधी नसतातच. तो किराणा दुकानात मीठ-मिरचीच्या बाजूला टांगलेल्या, आदल्या जन्मी थंड पेय असलेल्या बाटलीतल्या पेट्रोलमधून येतो. असं पेट्रोल विकणं कायद्यात बसत नाही, पण रात्री साडेनऊला कायदाही दहा किलोमीटर दूर असतो आणि पंपही. ऑक्टोबरात सोयाबीन काढायला थ्रेशर फिरू लागलं की कुटार हवेतून येतं, एअर फिल्टरवर बसतं आणि जीव घुसमटल्यानं गाडी काळा धूर सोडू लागते. तेव्हा मात्र पेट्रोलवाले, करंटवाले सगळे मास्तरांकडे पाहतात.

आणि उन्हाळा? वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकतो. लग्नाच्या मांडवाबाहेर ओळीनं उभ्या केलेल्या गाड्यांच्या टाक्यांना हात लावता येत नाही. तापलेल्या इंजिनाशेजारच्या नळीत आणि वाटीत पेट्रोलची वाफ होते, वाफेचा बुडबुडा वाट अडवतो, आणि वरात निघायच्या वेळी नवरदेवाच्या मामाची गाडी नेमकी उठत नाही. यावरचा इलाज म्हणजे कार्बोरेटरवर ओला फडका. मांडवात ओला फडका सहज सापडत नाही. सापडतो तो दुपट्टा, आणि तोही नवरीकडच्यांनी आहेर केलेला. मामा रुसून बसायला विदर्भात एवढं कारण भरपूर झालं.

जुन्या गाड्यांची तऱ्हा निराळी होती. १९७२ला आलेल्या लूनाला पायडल होतं. पेट्रोल संपलं की माणूस खाली न उतरता सायकलस्वार व्हायचा, कुणाला कळायचंही नाही. राजदूतला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावं लागे, आणि मिश्रण चुकलं तर दूधवाला गावात पोचायच्या आधी त्याचा धूर पोचायचा. १९८५ साली सीडी-१०० आली. तिची जाहिरात सांगायची की एकदा टाकी भरा आणि विसरून जा. विसरायचं आम्ही मनावर घेतलं, भरायचं राहून गेलं. बंद गाडीशेजारी उभं राहून वाट पाहायचं मूळ शिक्षण आमच्या भागाला दिलं ते मूर्तिजापूर–कारंजा–यवतमाळ धावणाऱ्या शकुंतला रेल्वेनं. तिला १९९४ साली डिझेलचं इंजिन लागलं, पण सवयी वाफेच्याच राहिल्या.

मग १ एप्रिल २०२० उजाडला. देशात बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्शन. टाकीच्या पोटात विजेचा पंप, तो तीन बारच्या आसपास दाब धरतो. पुढे इंजेक्टर, आणि किती थेंब कधी सोडायचा ते ठरवणारी एक डबी. चावी फिरवली की टाकीतून दोनतीन सेकंद 'कुंऽऽ' असा आवाज येतो. तो पंपाचा. गाडी सकाळी पहिल्या बटनाला उठते, थंडीत चोक लागत नाही, अॅव्हरेजही चांगलं. गाडी म्हणून वाईट काहीच नाही.

पण स्टँडवरच्या मंडळींची अवस्था पाहवत नाही. नव्या गाडीला कॉक नाही, त्यामुळे रिझर्व नाही. नळीत दाब असतो, ती उपसून बाटलीत धार पाहायची सोय नाही. वाटी नाही, फ्लोट नाही, टिचकी कुठं मारणार? सूर्याकडे धरायला जेट नाही. बॅटरी पार बसली असेल तर पंप उठत नाही, म्हणजे धक्का देणाऱ्या चौघांचा घामही बहुतेक फुकट जातो. मीटरवर एक पिवळा दिवा लुकलुकतो, आणि त्याचा अर्थ ज्या मशीनला कळतो ते मशीन तालुक्याच्या गावाला असतं. वर हा टाकीतला पंप थंड राहतो तो पेट्रोलमध्ये बुडून. टाकी कायम तळाला ठेवली तर तो तापतो आणि लवकर जातो. म्हणजे पन्नासचं टाकून जगण्याची जी पद्धत तीन पिढ्यांनी घडवली, तीच आता दोषाचं कारण ठरली. मिस्तरीनं मालकाला हे समजावून सांगितलं तेव्हा मालक बराच वेळ विचार करून म्हणाला, "म्हंजे पंपाले थंड ठेवासाठी मी पाचशेचं पेट्रोल टाकू? त्यापेक्षा कूलर घेतो ना!"

गर्दीनं हार मानली असं मात्र नाही. हल्ली सगळे पक्ष इथेनॉलवर एकत्र आले आहेत. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३०चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५-२६चं केलं आणि गाठलंही. इथेनॉल हवेतली ओल ओढतं हे खरं. ओल फार झाली तर पाणी धरून ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं हेही खरं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या-वॉशरांना ते मानवत नाही. पण आमच्याकडे त्याची कीर्ती याच्या बरीच पुढे गेली आहे. आरसा सैल झाला तरी इथेनॉल. पंक्चरलासुद्धा एकानं सुचवून पाहिलं. या निदानाचा मोठा गुण असा की त्याला पाना लागत नाही आणि ते खोटं पाडायची सोयही नाही.

परवा कारंज्याच्या रस्त्यावर एक प्रकार झाला. एका पोराची नवी इंजेक्शनची गाडी बंद पडली. चाकरमानी पोरगा, टाकी फुल्ल. दिवा लुकलुकतोय, गाडी उठत नाही. मागून एक काका एमएच-३० पाटीच्या स्प्लेंडरवर आले. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांनी त्याच्या गाडीच्या फूटरेस्टला उजवा पाय लावला आणि आपल्या गाडीच्या जोरावर त्याला ढकलत न्यायला सुरुवात केली. गाव मागे पडतं न पडतं तोच काकांच्या गाडीनं आचके दिले. रिझर्व तर आधीपासूनच होतं. काकांनी गाडी डाव्या अंगावर निजवली, उठवली, अजून थोडं अंतर कापलं, आणि दोघेही निंबाखाली उभे राहिले.

चालणाऱ्या गाडीत पेट्रोल नाही आणि पेट्रोल आहे ती गाडी चालत नाही. पूर्वी याला अडचण म्हणतच नसत. एकानं कॉकची नळी काढायची, दुसऱ्यानं बाटली धरायची. काका सवयीनं खाली वाकले, नव्या गाडीच्या पोटाशी दोन्ही बाजूंनी हात फिरवला आणि म्हणाले,

"याले थानच नाई काय बे?"

पाच मिनिटांत वावरातून, बैलगाडीतून, सायकलवरून माणसं जमली. वरून नळी टाकून ओढावं लागेल, यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं. नळी कुणाजवळ? फवारणी पंपाची एकानं आणली, तिला तोंड लावायला कुणी धजेना, आणि ते ठीकच होतं. तेवढ्यात बांधकामावरून घरी चाललेला गवंडी थांबला. त्याच्या पिशवीत लेव्हलची नळी होती, चांगली दहा मीटर, पारदर्शक.

"कापाची नाई," त्यानं आधीच सांगितलं. "माहा धंदा हाय तो."

न कापता ओढायचं ठरलं. एक टोक नव्या गाडीच्या टाकीत गेलं, दुसरं काकांच्या. ओढणाऱ्यानं ओढलं, थुंकला, शिव्या दिल्या. पेट्रोल नळीत चढलं आणि दहा मीटरच्या वाटेवर रेंगाळलं. अर्धा लिटर तर नळीतच मावत होतं. म्हणजे काकांचं पन्नासचं पेट्रोल काचेसारखं स्वच्छ, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हवेत लटकत होतं. ते पुढे सरकावं म्हणून चारपाच माणसं रस्त्याच्या कडेनं ओळीनं उभी राहिली आणि दोन्ही हातांनी नळी डोक्यावर उचलून धरू लागली. गवंडी सवयीनं मधल्या माणसाला सांगत होता, "बोटभर वर... आनखी... बस."

कारंज्याकडून एसटी आली आणि हळू झाली. खिडकीतून एका म्हाताऱ्यानं डोकं बाहेर काढून ती ओळ, ती नळी आणि गवंड्याला नीट पाहून घेतलं, आणि मोठ्या आशेनं विचारलं,

"काहो, रोड मंजूर झाला का?"